शंभरच्या पेट्रोलचं कार्ड

आमच्या सोसायटीतले कोठावदे काका रोज दिवेलागणीला पार्किंगमध्ये उतरतात. चार नंबरच्या खांबाजवळ त्यांची जुनी पांढरी गाडी असते. काका आधी डावीकडचं मागचं दार उघडतात. एखाद्या बाईला गाडीत नीट बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दार धरून उभे राहतात. मग वाकून, दारात अडकू पाहणारा पदर दोन बोटांनी आत सारतात, दार हळूच लावतात, लागलं की नाही ते बाहेरून दाबून बघतात आणि मग पुढे जाऊन गाडी सुरू करतात.

मागच्या सीटवर कोणी नसतं. पदरही नसतो. कोठावदे काकूंना जाऊन तीन वर्षं झाली आणि काकांना आमच्याकडे राहायला येऊन दोन. म्हणजे हार घातलेला फोटो सोडला तर काकूंना आमच्यापैकी कोणी पाहिलेलंच नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाजी घेऊन येत होते. अंगावर सर्रकन काटा आला. तरी शेजारधर्म म्हणून विचारलं, "काका, कुठे निघालात?"

"जरा चांदवडला जाऊन येतो."

पाऊण तासात गाडी परत जागेवर. आमची सोसायटी अमृतधामच्या मागे, तिथून चांदवडला नुसतं पोचायलाच तासभर लागतो. पाऊण तासात चांदवडला जाऊन परत येणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि तोही मागे कोणाला तरी बसवून.

आमचा वॉचमन भोये हरसूलकडचा. तो भुताखेतांच्या बाबतीत अजिबात थट्टा करत नाही. "ताई, गाडी बसते," तो मला खालच्या आवाजात म्हणाला. "काकांनी दार धरलं ना, का मागची बाजू जराशी खाली बसते. मी लय वेळा बघितलंय. रिकाम्या गाडीचं दार लावलं तर असं नाय होत." त्यानंतर आठवडाभर मी पार्किंगमधून जाताना मोबाईलवर उगाचच कोणाशी तरी मोठमोठ्यानं बोलत जायचे.

तळमजल्यावरच्या पाटीलबाईंनी गाडीच्या समोरच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी काकांनी ती सोडवून त्यांच्या हातात दिली. "वहिनी, तुमचं लिंबू आमच्या हद्दीत आलं होतं," ते शांतपणे म्हणाले.

हद्द हा काकांचा शब्द. त्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात झाली, भूकरमापक म्हणून. भावाभावांचे बांध, बांधावरची आंब्याची झाडं, झाडावरून झालेल्या डोकेफोडी, हे सगळं त्यांनी आयुष्यभर मोजलं. त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "याची हद्द कुठं?" सोसायटीत आल्याच्या पहिल्याच रविवारी त्यांनी टेप घेऊन पार्किंग मोजलं आणि चेअरमनची गाडी शेजारच्या जागेत नऊ इंच घुसल्याचं त्यांना सप्रमाण दाखवलं. चेअरमन अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. काकांना त्याचं काही नाही. "माणूस रागावतो, बांध रागावत नाही," असं ते म्हणतात.

तर हे कोठावदे काका एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले. हातात ग्राफपेपरची गुंडाळी. मी एका पतसंस्थेत एकोणीस वर्षं काउंटरवर बसते. आमच्या पतसंस्थेनं क्रेडिट कार्ड कधी डोळ्यानं पाहिलेलं नाही, पण पैशाच्या जवळपास बसणाऱ्या बाईला पैशातलं सगळं कळतं असा सोसायटीचा ठाम समज आहे.

"वैशाली," काका म्हणाले, "मला पेट्रोलवर पॉइंट देणारं कार्ड निवडायचंय. महिनाअखेरच्या आत."

मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे आहे की कार्ड."

"ते गॅसचं आहे."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी पदर तोंडाला लावला. काकांचा मुलगा निखिल अमेरिकेत असतो. कार्डाचं बिल तोच तिकडून भरतो. दीड वर्षापूर्वी त्यानं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, गॅसवर रिवॉर्ड देणारं कार्ड घ्या." काका बँकेत गेले आणि म्हणाले, गॅसवर देणारं द्या. बँकेनं इमानेइतबारे गॅसवर देणारं कार्ड दिलं. सिलिंडर बुक करा, पॉइंट घ्या. एकट्या माणसाचं सिलिंडर चार चार महिने पुरतं. वर्षभरात तीन सिलिंडर झाले आणि काकांना जे पॉइंट मिळाले त्यात एक चहाची गाळणी येत होती. निखिलचा गॅस म्हणजे पेट्रोल, हे त्यांना फार उशिरा कळलं.

"इथून गेला तेव्हा पेट्रोलच म्हणत होता," काका म्हणाले. "तिकडे जाऊन त्यानं पेट्रोलचा गॅस केला."

पण खरी भानगड पुढेच होती. निखिलनं परवा पहिल्यांदाच बिल उघडून पाहिलं तर त्यात महिनाभर एकच ओळ. रोज हायवेवरचा तोच पंप, रोज शंभर रुपये. तो चक्रावला. बाबांचं डोकं तर फिरलं नाही ना, अशी त्याला शंका आली. शंभरच्या पेट्रोलवर पॉइंट शून्य, वर सरचार्ज कापला जातो तो वेगळा. त्यानं निर्वाणीचं सांगितलं होतं. महिनाअखेरपर्यंत नीट कार्ड घ्या, महिन्यातून एकदा काय ती टाकी भरा, नाहीतर तो दिवाळीत येऊन गाडी विकून टाकणार. तुम्हाला कुठे जायचं असतं, रिक्षा आहेत की, असंही वर म्हणाला.

"गाडी विकून चालणार नाही," काका म्हणाले. एरवी त्यांचा आवाज मोजणीच्या साखळीसारखा सरळ असतो, तेव्हा मात्र जरा हलला.

मी कामाला लागले. काकांनी ग्राफपेपरवर प्रत्येक कार्डाचा नकाशा काढला होता, आणि जमिनीच्या कागदात असते तशी प्रत्येकाची चतुःसीमा. पूर्वेस वार्षिक फी, पश्चिमेस सरचार्ज, उत्तरेस पॉइंट, दक्षिणेस अटी. कुठल्यातरी बँकेच्या मुलीचा फोन आला तो त्यांनी माझ्यासमोर स्पीकरवर घेतला.

"मॅडम, कार्ड चांगलंच असणार. तुम्ही चतुःसीमा सांगा. पूर्वेस काय?"

"सर, एअरपोर्ट लाउंज फ्री आहे."

"पश्चिमेस?"

"सर, सिनेमाच्या तिकिटावर डिस्काउंट."

"आणि दक्षिणेस?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग ती बिचारी म्हणाली, "सर, मी सीनियरला देते." सीनियरही आला, आणि दहा मिनिटांनी त्यानंही फोन ठेवला.

तीन कार्डं उरली. पहिलं सगळ्यात चांगलं, भरपूर पॉइंट, पण एकाच कंपनीच्या पंपांवर चालणारं. त्या कंपनीचा पंप आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. मी म्हटलं, "झालं काका! हेच घ्या. हायवेवरच्या पंपावर जाताच कशाला?"

काकांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "तिला तो पंप चालत नाही."

"कोणाला?"

त्यांनी कागदाची घडी केली. "दुसरं बघू."

मी पंखा बंद केला. मला एकाएकी गार वाटायला लागलं होतं.

दुसरं कार्ड कुठल्याही पंपावर चालणारं, पण एका वेळी चारशेच्या वर पेट्रोल भरलं तरच सरचार्ज माफ आणि पॉइंट. तिसऱ्याचंही तेच, फक्त फी जास्त. मी म्हटलं, "काका, शंभर-शंभर कशाला भरता? आठवड्यातून एकदा भरा. नाहीतर टाकी फुल्ल करून टाका."

"ते बसत नाही."

"मग रोज रोख द्या. निखिलला कळणारसुद्धा नाही."

"चोरून नको," ते म्हणाले. "आणि बिलात पेट्रोल दिसलं नाही, तर तो म्हणेल गाडी उभीच आहे, विका."

आता माझं डोकं तापलं. पतसंस्थेत दिवसभर लोकांना अटी समजावून आलेल्या बाईचा संयम तो किती असणार? मी म्हटलं, "शंभरच्या पेट्रोलला काही देणारं कार्ड ह्या भूतलावर नाही. तुम्ही रोज जाता कुठे, ते तरी मला बघू दे. मी येते उद्या तुमच्याबरोबर."

काका दाराकडे निघाले होते, ते थांबले. "विचारून सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले. "ये संध्याकाळी. चालेल म्हणाली."

माझा नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी म्हटलं, मी काय घाबरते की काय? घाबरत होतेच. निघताना देवापुढचा अंगारा लावला आणि वरून केस पुढे घेतले, काकांना दिसू नये म्हणून.

पार्किंगमध्ये मी सवयीनं मागच्या दाराकडे वळले. "तिथे नको," काका चटकन म्हणाले. मी पुढे बसले. मागे दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. भोये गेटपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा काही धीर देणारा नव्हता. दार लागलं. गाडी खाली बसली का? मला वाटलं बसली. पण तेव्हा कोणी मला गाडी उडाली म्हणून सांगितलं असतं तर तेही मला खरं वाटलं असतं.

काका येऊन बसले. आतला आरसा त्यांनी फिरवला. त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, मागची सीट दिसत होती.

हायवेला लागलो. समोर आडगावच्या दिशेनं दिव्यांची रांग लागलेली, कांद्याचे ट्रक, कंटेनर. आणि अचानक काका बोलले. आवाज त्यांचाच, पण बोली त्यांची नव्हे. हा माणूस माझ्याशी दोन वर्षं पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत आलाय.

"आज लय टरका हायेत, ताई. जरा टाइम लागंल."

काका मला नावानं हाक मारतात. ताई कधीच म्हणत नाहीत. पण गाडीत दुसरं कोण होतं? मी म्हटलं, "लागू द्या."

"काच खाली घेऊ का, ताई?"

"घ्या."

त्यांनी बटण दाबलं. माझी काच जागची हलली नाही. मागची डावीकडची काच हळूहळू खाली गेली आणि मानेवर वारा आला.

मी पदर गच्च धरून बसले. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. आरशाकडेही नाही. तोंडानं रामरक्षा सुरू केली, ती निम्म्यातच विसरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

आडगावच्या अलीकडच्या पंपावर काका थांबले. पेट्रोल सोडणाऱ्या माणसानं न विचारता शंभरचा आकडा लावला. त्यानं मागच्या उघड्या काचेकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर वळवली. उघड्या काचेतून पेट्रोलचा वास आत आला, गाडीभर पसरला. पेट्रोल भरून झाल्यावर काकांनी गाडी बाजूला, हवा भरायच्या जागी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"वैशाली," ते म्हणाले, आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "घाबरलीस."

मी म्हटलं, "हो."

"तुझ्या काकूचे, सुमनचे, वडील चांदवडला हायवेवरच्या पंपावर कामाला होते. पंपामागच्या दोन खोल्यांत ही वाढली. शेवटची चार वर्षं तिला काही आठवायचं नाही. दिवे लागले की पिशवी घेऊन दारात उभी राहायची. मला घरी सोडा, चांदवडला. मी म्हणायचो, अगं, हेच घर. मग रडायची, मला मारायची. परका बाप्या घरात शिरलाय म्हणून शेजाऱ्यांना ओरडून बोलवायची."

ट्रक जात होते. काका समोर बघून बोलत होते.

"एकदा काही सुचेना म्हणून गाडीत घातलं आणि निघालो. पेट्रोल संपत आलेलं, म्हणून पंपावर थांबलो. काच उघडी होती. तिनं वास घेतला. म्हणाली, आलं घर. आणि इतकी शांत झाली, की मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग आमच्याच घरी नेलं, तर पाय धुतले, जेवली, झोपली. दुसऱ्या दिवसापासून रोज. टाकी फुल्ल केली तर दुसऱ्या दिवशी काय भरणार? म्हणून शंभरचं. आणि पंप असा, जिथे ट्रक उभे राहतात. गावातल्या पंपावर तिला पटायचं नाही."

"आणि ते ताई?"

"मला ती ड्रायव्हर समजायची. भाऊ म्हणायची. तिनं भाऊ म्हटल्यावर मी काय म्हणणार? बायकोला ताई म्हणताना पहिल्या दिवशी जीभ रेटेना. गावाकडच्या ड्रायव्हरसारखं बोललं की ती विश्वास ठेवायची, म्हणून तसं बोलायला लागलो. निखिलला ह्यातलं काही सांगितलेलं नाही. आईनं बापाला ओळखलं नाही, हे पोराला कशाला सांगायचं?"

 मी म्हटलं, "पण काका, आता काकू नाहीत. आता कशासाठी?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"पंपावरून परत निघालं की ती बोलायची. ड्रायव्हरशी. नवऱ्याबद्दल सांगायची. म्हणायची, भाऊ, आमचे हे शिस्तीचे आहेत, बोलत नाहीत फार. पण मोजणीवरून आले की रुमालात करवंदं बांधून आणायचे, आणि मुलाला देऊन टाक असं वरवर म्हणायचे. मला कळायचं ती माझ्यासाठी आहेत. माझं फार चांगलं चाललंय ह्यांच्यापाशी. पण तोंडावर कसं म्हणायचं, लाज वाटते." काका थांबले. "बेचाळीस वर्षांच्या संसारात मला एकदाही म्हणाली नाही. ड्रायव्हरला रोज म्हणायची."

"मग तुम्ही सांगायचं ना, की तो मीच!"

"सांगितलं असतं तर गप्प झाली असती. नवऱ्यासमोर ती बोलायचीच नाही." मग म्हणाले, "ही गाडी सोडून माझ्याबद्दल चांगलं बोललेलं दुसऱ्या कुठल्या जागी मी ऐकलेलं नाही, वैशाली."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. मग नाक पुसलं, दार उघडून खाली उतरले आणि तडक पंपाच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. एकोणीस वर्षं काउंटरवर बसल्यावर माणसाला दुसरं काही येवो न येवो, आडून आडून काम करून घेता येतं. मॅनेजरला विचारलं, महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर एकदम तीन हजार घेतले, तर शंभर-शंभरची तीस कुपनं द्याल का? त्यानं काचेतून बाहेरच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. "काकांना ना?" म्हणाला. "देतो की."

म्हणजे दुसरं कार्ड घ्यायचं. बिलात महिन्याला एकच ओळ, चारशेच्या वरची, सरचार्ज माफ, पॉइंट पूर्ण. निखिल खूश. आणि रोजचं शंभरचं पेट्रोल रोज. परत येऊन मी काकांना खिडकीतूनच सगळं समजावलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं, बोटांवर चारही बाजू तपासल्या.

"हद्दीत बसतंय," ते म्हणाले, आणि मान खाली घालून बराच वेळ स्टिअरिंग पुसत राहिले.

परत निघालो. अंधार पडला होता. मागची काच उघडीच होती, आणि पेट्रोलचा वास अजून गेला नव्हता. माझी भीती गेली असेल असं मला वाटलं होतं, ती गेली नव्हती. फक्त आता मला मागे वळून बघायचं नव्हतं ते वेगळ्या कारणानं. दुसऱ्याच्या घरात दोघं बोलत असताना आपण मध्ये बसलोय असं वाटत होतं.

पुलाखालच्या वळणावर काकांनी गाडी हळू केली. आरशात बघितलं.

"आन तुमचे मालक कसे हायेत, ताई?"

एक ट्रक गेला, दुसरा गेला. काका कान देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी मान डोलावली, मग पुन्हा ऐकलं. मग ते लाजल्यासारखे हसले. ह्या दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आवं, मंग ह्ये मला काय सांगता," ते आरशाकडे बघून हळूच म्हणाले. "एकडाव त्यान्लाच सांगा की. घरीच आसतील त्ये. वाट बघत आसतील."